बुडालेला रोज कोण भरून देणार?

२० सप्टेंबर १८९३ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर पॅलेस हॉटेलात रग्बी फुटबॉल युनियनची सभा भरली होती. यॉर्कशायरहून खास गाड्या करून माणसे आली होती. त्यांचा ठराव साधा होता: सामन्यासाठी काम सोडावे लागलेल्या खेळाडूचा जेवढा रोज बुडेल, तेवढा त्याला भरून द्यावा. त्यात पगाराची मागणी नव्हती, जिंकल्याच्या इनामाचीही नव्हती. ठरावाच्या बाजूने १३६ मते पडली, विरोधात २८२. अशाने हौशी खेळाचे पावित्र्य जाईल, असे बहुमताचे म्हणणे होते.

दोन वर्षांनी, २९ ऑगस्ट १८९५ ला, उत्तरेकडचे क्लब हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात जमले आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. नाव ठेवले नॉर्दर्न युनियन. १९२२ पासून तिला रग्बी फुटबॉल लीग म्हणतात आणि तिच्या छत्राखाली वाढलेल्या, पुढे पंधराऐवजी तेरा गड्यांच्या झालेल्या खेळाला रग्बी लीग. खेळाचे नियम नंतर बदलले, आधी बदलला तो हिशेब. नियमांवरून, सीमेवरून, अहंकारावरून खेळांत फाटाफूट झाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. मजुराच्या बुडालेल्या रोजावरून अख्खा खेळ दुभंगल्याचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण.

जळगाव-धुळ्याच्या वाचकाला या विलायती भांडणाचे काय? आपल्याकडे रग्बीचा चेंडू दुकानात मिळायची मारामार. पण हडर्सफील्डला जो प्रश्न निघाला तो आपल्या तालमीतल्या पोराला रोज पडतो: आज दंगलीला गेलो तर आजच्या मजुरीचे काय? या प्रश्नाला त्यांनी एक उत्तर दिले, आपण दुसरे. आपले उत्तर दिसायला उदार आहे. गदा, सत्कार, फेटे, धनादेश, सरकारी नोकरी, सगळे त्यात आहे. तरी ते चुकीच्या टोकाला दिलेले उत्तर आहे असे माझे मत आहे, आणि त्यासाठी त्या सुरुवातीच्या रग्बी लीगवाल्यांकडे बघायला हवे.

उत्तर इंग्लंडात गिरण्या, कोळशाच्या खाणी, लोखंडाचे कारखाने. १८५० च्या कारखाना कायद्याने शनिवारी दुपारी दोननंतर कापडगिरणीत बायका-मुलांना राबवायला बंदी केली. ती घरी गेल्यावर गिरणी चालवणार कोण? म्हणून गिरणीच बंद व्हायची. शनिवारची दुपार मोकळी झाली आणि त्या दुपारीवर क्लब, तिकिटे, गर्दी, सगळे उभे राहिले. सामना परगावी असला मात्र सकाळचीच गाडी धरावी लागे, म्हणजे अर्ध्या दिवसाचा खाडा. खाणीत उतरणाऱ्याला तो परवडत नसे. ऑक्सफर्ड-केंब्रिजहून आलेल्या बॅरिस्टराला खाडा म्हणजे काय हेच ठाऊक नव्हते. मैदानावर दोघेही उतरायचे, चिखलात दोघेही लोळायचे, पण एकाचा खेळ फुकटात व्हायचा आणि दुसऱ्याचा घरखर्चातून.

त्या मुलखाशी खान्देशचा संबंध जुना आहे. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत तिकडचा कापूस बंद झाला तेव्हा लँकेशायरच्या चात्या ज्या हिंदी कापसावर फिरल्या त्यात तापीकाठचाही होता. त्याच दशकात रेल्वे जळगाव-भुसावळपर्यंत आली, पुढच्या दशकात जळगावात खान्देश मिल उभी राहिली. गिरणी आली म्हणजे भोंगा आला, पाळी आली, खाडा आला. मोकळी दुपार काही आली नाही. आपल्याकडे आठवड्यातला एक रविवार मिळवायला नारायण मेघाजी लोखंड्यांना १८९० साल उजाडेपर्यंत झगडावे लागले. मोकळ्या वेळेचा हिशेब न मांडता खेळाच्या परंपरेविषयी बोलणारे लोक मला नेहमी त्या बॅरिस्टराच्या बाजूचे वाटतात, मग ते बोलताना कितीही मातीचे गुणगान करोत.

हौशीपणाची गंमत अशी की त्याच १८९५ साली इंग्लंडात डब्ल्यू. जी. ग्रेस या क्रिकेटपटूसाठी गौरवनिधी जमला आणि तो ९ हजार पौंडांच्या वर गेला. ग्रेस डॉक्टर, म्हणजे जंटलमन, म्हणजे हौशी. त्याच्या खिशात हजारो पौंड गेले तरी तो हौशी राहिला. खाणकामगाराने बुडालेली मजुरी मागितली की तो धंदेवाईक. नॉर्दर्न युनियनने सुरुवातीला जास्तीत जास्त किती द्यायचे ठरवले? दिवसाला सहा शिलिंग. एवढ्यासाठी त्या खेळाडूंना जुन्या युनियनने जन्मभर बहिष्कृत केले. रग्बी लीगचा एक सामना खेळलेला माणूस पुन्हा जुन्या रग्बीच्या मैदानावर पाय ठेवू शकत नसे.

हा बहिष्कार सोसूनही नॉर्दर्न युनियनच्या लोकांनी लगेच पैशाची खैरात केली नाही, हे आपल्याकडे कोणी सांगत नाही. १८९८ साली त्यांनी उघड मानधनाला परवानगी दिली, पण अट घातली: खेळाडूला खेळाबाहेरची खरी नोकरी असली पाहिजे. दारूच्या गुत्त्यातला वाढपी, बिलियर्डच्या टेबलावर गुण मोजणारा, सट्टेवाल्याचा हरकाम्या असली नावापुरती कामे चालणार नाहीत. चौकश्या होत, खेळाडू निलंबित होत. १९०५ मध्ये ही अट त्यांनी स्वतःच काढून टाकली, कारण माणसाची नोकरी सुटली की खेळही सुटायचा आणि एका दुखण्यावर दुसरे. अटीतली जाचक बाजू सोडली तर तिच्यामागे एक शहाणपण होते. खेळ दहा वर्षांचा, पोट जन्माचे, हे त्यांना दिसत होते. नोकरी आणि खेळाचा रोज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही लागतात, हेही दिसत होते. आपण या दोन्हींची एकच मोळी बांधली, तिथून आपले गणित बिघडले. त्याकडे पुढे येतो.

५ एप्रिल १९०४ ला विगनमध्ये या खेळाचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. इंग्लंडविरुद्ध लढायला दुसरा देशच नव्हता! मग वेल्स आणि स्कॉटलंडचे जे गडी उत्तरेच्या क्लबांतून खेळत होते त्यांचा संघ केला, त्याचे नावच ‘इतर राष्ट्रीयत्वे’. या इतरांनी इंग्लंडला ९–३ असे हरवले. खरा दुसरा देश आला तो तीन वर्षांनी, आणि त्याला आणणारा माणूस होता वेलिंग्टनच्या टपाल खात्यातला एक तरुण कारकून, अल्बर्ट बास्करव्हिल. त्याने न्यूझीलंडच्या खेळाडूंना इंग्लंड दौऱ्यासाठी गोळा केले. कोणी संस्थानिक पाठीशी नव्हता, सरकार तर विरोधातच. त्याने तोड काढली ती अशी: प्रत्येक गड्याने पन्नास पौंड भांडवल घालायचे, दौऱ्याचा खर्च त्यातून, आणि उरलेला नफा सगळ्यांत वाटून घ्यायचा. सिडनीच्या वृत्तपत्रांनी ‘ऑल ब्लॅक्स’ची नक्कल करून त्यांना ‘ऑल गोल्ड्स’ म्हणून हिणवले, सोन्यासाठी खेळणारे. त्यांनी ते नाव मिरवले. १९०८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत ब्रिटनच्या नॉर्दर्न युनियन संघाविरुद्ध तीन कसोट्या झाल्या आणि पहिली हरूनही न्यूझीलंडने मालिका २–१ अशी जिंकली.

या दौऱ्याला मी खेळाच्या इतिहासातली एक उत्तम सहकारी संस्था म्हणतो. सभासदांचे भागभांडवल, सभासदांचेच श्रम, नफ्याची वाटणी. सूतगिरण्या, दूध संघ, नागरी बँका काढलेल्या आपल्या मुलखाला हे समजावून सांगायची गरज पडू नये. बास्करव्हिल स्वतः मात्र घरी पोचला नाही. परतीच्या वाटेवर २० मे १९०८ ला ब्रिस्बेनमध्ये तो न्यूमोनियाने गेला, वय अवघे २५. न्यूझीलंडच्या भूमीवरचा रग्बी लीगचा पहिला सामना १३ जून १९०८ ला वेलिंग्टनमध्ये झाला, तो त्याच्या आईसाठी निधी जमवायला.

ऑस्ट्रेलियात ठिणगी पडली ती दुखापतीवरून. अलेक बर्डन नावाचा गडी खेळताना जायबंदी झाला, कामावर जाता येईना आणि संघटनेने हात वर केले. गल्ला तर संघटनेकडे भरपूर जमत होता. ऑगस्ट १९०७ मध्ये सिडनीत नवी लीग निघाली, तिच्या संस्थापकांत व्हिक्टर ट्रम्पर होता. होय, तोच, ज्याच्या फलंदाजीच्या कथा आपल्या आजोबांच्या पिढीने ऐकल्या. त्याचा जोडीदार जे. जे. गिल्टिनन याने १९०८–०९ मध्ये पहिला ऑस्ट्रेलियन संघ इंग्लंडला नेला, आणि कर्जबाजारी होऊन परतला. म्हणजे ही वाट फुलांची नव्हती. पैसा उघड केला की तोटाही उघड होतो.

या खेळातल्या ब्रिटन-ऑस्ट्रेलिया कसोट्यांतला एक सामना जवळून बघू. ४ जुलै १९१४, सिडनी. आठ दिवसांत तिसरी कसोटी, मालिका १–१. ब्रिटिश संघाचा कर्णधार हडर्सफील्डचा हॅरॉल्ड वॅगस्टाफ, पंधराव्या वर्षी क्लबातून आणि सतराव्या वर्षी इंग्लंडकडून खेळलेला. बदली खेळाडूची सोय त्या काळी नव्हती. पडला तो पडला, उरलेल्यांनी निभवायचे. सामना सुरू होतो न होतो तोच विंगवरचा फ्रँक विल्यम्स पायाने लंगडा झाला. डग्लस क्लार्कचा अंगठा मोडला, तो बांधून परत आला, मग त्याच्या खांद्याची वाट लागली आणि तो रडत बाहेर गेला. बिली हॉल डोक्याला मार बसून बेशुद्ध. दुसऱ्या अर्ध्यात बराच वेळ तेरांच्या जागी दहा माणसे उभी होती. तशात चिक जॉन्सन या फॉरवर्डने, जो नाइलाजाने विंगवर उभा होता, चेंडू हातात न घेता पायाने ढकलत ढकलत नेला आणि ट्राय केला, म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडे तो टेकवून गुण मिळवले. निकाल १४–६, ब्रिटन विजयी. इंग्रजांनी या सामन्याला झुलू युद्धातल्या एका वेढ्याचे नाव दिले. त्यांना सगळीकडे साम्राज्यच दिसते.

क्लार्कविषयी थोडे अधिक, कारण तो आपल्याला कळेल असा माणूस आहे. कंबरलंडचा, कोळशाच्या धंद्यातला, आणि मुळात पैलवान. त्यांच्याकडे एकमेकांच्या पाठीमागे हात गुंफून धरायच्या कुस्तीचा प्रकार आहे, त्यात त्याचा दबदबा होता. जत्रेत कुस्ती, शनिवारी रग्बी, आठवडाभर कोळसा. पहिल्या महायुद्धात गेला, पदक मिळवले, विषारी वायू पोटात घेऊन आला, डॉक्टरांनी निकामी ठरवला, तरी १९२० च्या दौऱ्यावर पुन्हा निघाला. चाळिसगावच्या एखाद्या जुन्या वस्तादाला हे सांगितले तर तो विचारील, खुराक काय घ्यायचा? बरोबर विचारील. क्लार्कचा खुराक त्याच्या कोळशाच्या गाड्यांतून येत होता.

या पहिल्या पिढीचे पुढे काय झाले? वॅगस्टाफने दारूचे गुत्ते चालवले आणि १९३९ मध्ये ४८ व्या वर्षी तो गेला. त्याचा संघसोबती अल्बर्ट रोझनफेल्ड मूळचा सिडनीचा. १९१३–१४ च्या एका हंगामात त्याने ८० ट्राय केले आणि तो उच्चांक आजही उभा आहे. तो रोझनफेल्ड हडर्सफील्डला स्थायिक झाला आणि नगरपालिकेच्या कचरागाडीवर काम करून त्याने संसार केला. म्हणजे रोज भरून मिळाला, म्हातारपण भरून मिळाले नाही. ती व्यवस्था अपुरीच होती.

आता आपल्याकडे. आपले पहिले आंतरराष्ट्रीय खेळाडू अशाच कष्टकरी थरातून आले, फरक एवढाच की त्यांच्यासाठी भांडायला हडर्सफील्ड नव्हते. क्रिकेटपटू पळवणकर बाळू पुण्याच्या क्लबावर महिना चार रुपयांवर मैदान आखायचा, जाळी बांधायचा आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकायचा. त्यांतल्या ग्रेग नावाच्या साहेबाला बाद केले की आठ आणे मिळत अशी आख्यायिका आहे. खरी असेल तर भारतीय खेळातला तो पहिला उक्ता दर. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर कर्णधार होते पतियाळाचे महाराज, मेजवान्यांत गुंतलेले. ११४ बळी घेतले ते बाळूने. चहाच्या वेळी त्याला मंडपाबाहेर वेगळ्या भांड्यात चहा देणाऱ्या समाजाचा प्रतिनिधी म्हणून तो तिथे गोलंदाजी टाकत होता. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला गेलेले फडेप्पा चौगुले, कुमार नवले, रणधीर शिंदे ही मंडळी दोराबजी टाटांच्या खिशामुळे बोटीवर चढली. डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरे टाटांनी पाहिली, त्यांची वेळ घड्याळावर पाहिली आणि मनावर घेतले. चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावा आला. खाशाबा जाधवांसाठी १९४८ ला कोल्हापूरचे महाराज धावले. १९५२ ला गावाने वर्गणी काढली आणि प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार उभे केले. हेलसिंकीहून कांस्यपदक आले. मग १९५५ मध्ये पोलिसांत फौजदारी मिळाली.

महाराज, शेठजी, प्राचार्य. तिघांचेही उपकार. पण उपकाराला नियम नसतो, तो कोणाच्या नजरेस कोण पडला यावर चालतो. दोराबजींनी त्या दिवशी शर्यतीला जायचे टाळले असते तर?

स्वातंत्र्यानंतर महाराजांच्या जागी सरकार आणि रेल्वे आली, काही ठिकाणी कंपन्या आल्या. जळगावात जैन इरिगेशनने कॅरम, बुद्धिबळ, क्रिकेटच्या खेळाडूंना पगारावर ठेवले, ही मोलाची गोष्ट आहे, कारण तिथे खेळाडूला महिन्याच्या महिन्याला पैसे मिळतात. राज्य सरकारने नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखल्या, मोठी पदके आणणाऱ्यांना थेट नेमणुका दिल्या. खान्देशापुरते सगळ्यांना ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे चाळिसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचा विजय चौधरी. २०१४, २०१५, २०१६ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा त्याने घेतली. ज्या किताबावर एरवी पुणे-कोल्हापूर-सोलापूरकडे बोट दाखवले जाते, तो शेतकऱ्याच्या पोराने तापी-गिरणेच्या खोऱ्यात आणला. तिसऱ्या गदेनंतर तो पोलीस उपअधीक्षक झाला आणि २०२३ मध्ये कॅनडातल्या विनिपेगला जागतिक पोलीस क्रीडा स्पर्धेत सुवर्ण जिंकून आला. त्याला मिळाले ते कमीच म्हणावे असे त्याचे कर्तृत्व आहे.

माझा आक्षेप त्याच्या नोकरीवर नाही. ती तिसऱ्या गदेनंतर येते, पहिल्या आखाजीला येत नाही, यावर आहे. आखाजीला खान्देशात सालदाराचे साल ठरते. शेताचा मालक वर्षाचा आकडा आधी ठरवतो, पाऊस पडो न पडो. पैलवानाचे तसे साल कोणी ठरवत नाही. तो आठ-दहा वर्षे घरच्या दुधातुपावर, बापाच्या कापसावर, केळीच्या घडावर तयार होतो. घरात म्हैस नसेल तर तो तयारच होत नाही. २०२४ ला पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्य जिंकलेला स्वप्नील कुसाळे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता, पदक गळ्यात पडताच बढती झाली. पदकाआधीची त्याची वर्षे तरी रेल्वेच्या पगारावर निघाली. ज्यांना तोही आधार नाही अशांची संख्या त्याच्यासारख्यांपेक्षा किती मोठी असेल? सुरुवातीची गुंतवणूक घराची, शेवटचा सत्कार सरकारचा. मधली पोकळी ज्यांना झेपली नाही त्यांची नावे कुठल्याच फलकावर नाहीत.

बरे, पैसे प्रमाणपत्रावर मिळणार म्हटल्यावर प्रमाणपत्राचाच बाजार होतो. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लाटल्याची प्रकरणे महाराष्ट्राने पाहिली. ज्या खेळांची मैदानेही लोकांनी पाहिली नव्हती त्यांचे खेळाडू भरतीच्या यादीत झळकले. बुडालेल्या रोजाचे प्रमाणपत्र असे विकत घेऊन काय करणार? त्यात फायदा एका दिवसाच्या मजुरीचा.

आता यात्रेच्या दंगलीकडे वळू, कारण खान्देशात खेळाचा खरा पैसा अजून तिथेच फिरतो. चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा. पहिल्या दिवशी बारागाड्या, रात्री लोकनाट्य, दुसऱ्या दिवशी उन्हे उतरल्यावर कुस्त्या. नदीच्या पात्रात किंवा शाळेच्या मागे नांगरून मऊ केलेला फड. आधी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नारळावरच्या, मग माईकवरून आकडे वाढत जातात. धुळे, मालेगाव, बऱ्हाणपूरकडून आलेले गडी लंगोटावर फडाच्या कडेला फिरत जोड शोधतात. पंच दोघांच्या दंडांना हात लावून बघतात, उंची बघतात, ‘लागली जोड’ म्हणतात. कुस्ती झाली की जिंकलेला गडी उपरणे पसरून गर्दीतून फेरी मारतो, कोणी दहा टाकतो, कोणी शंभर. हरलेला पाठीला चिकटलेली माती झाडतो आणि सदरा शोधतो. त्यानेही त्या दिवशी काम सोडलेले असते. एसटीचे तिकीट त्यानेही काढलेले असते. त्याच्याशिवाय कुस्ती झालीच नसती, पण हिशेबात तो नाही.

या पद्धतीचे समर्थक म्हणतात, इनामामुळेच गडी जीव तोडून लढतो, हरलेल्याला पैसे द्याल तर कुस्तीतला दम जाईल, नुसते हजेरीला येतील. ऐकायला बरोबर वाटते. पण नुरा कुस्तीला खतपाणी कोण घालतो ते पाहा. सगळे इनाम एकालाच आणि दुसऱ्याला शून्य असे असले की दोन शहाणे पैलवान काय करतात? आधीच ठरवून घेतात. वीस मिनिटे एकमेकांच्या मानेवर हात टाकून फिरायचे, पंचांनी बरोबरीत सोडवायची, पैसे अर्धे अर्धे. गर्दी शिव्या घालते, पण त्यांनी दोघांनी मिळून फक्त आपला रोज पक्का केलेला असतो. जी खात्री यात्रा समितीने द्यायला हवी होती ती त्यांनी चोरवाटेने मिळवली. दोघांचाही येण्या-जाण्याचा खर्च आणि एका दिवसाची मजुरी आधी हातात पडली, आणि इनाम वरचे म्हणून राहिले, तर अशी तडजोड करायचे निम्मे कारण संपते. लोभ उरेल, तो कुठल्याही व्यवस्थेत उरतो. गरज तरी उरणार नाही.

दुसरा आक्षेप हौसेचा. कुस्ती ही साधना, मातीची सेवा, तिथे रोज कसला मागता? असे बोलणाऱ्याला महिन्याच्या एक तारखेला पगार होतो, हा माझा अनुभव. हौशी तत्त्वाचे सर्वांत कडवे राखणदार, ती लंडनची रग्बी युनियन, तिनेही अखेर २६ ऑगस्ट १९९५ ला खेळाडूंना पैसे द्यायला मान्यता मिळाली तेव्हा मुकाट्याने वाट बदलली. जॉर्ज हॉटेलच्या सभेला तेव्हा शंभर वर्षे व्हायला तीन दिवस कमी होते. सहा शिलिंगांत मिटले असते ते प्रकरण लांबत गेले आणि शेवटी लाखांच्या करारांवर येऊन टेकले.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याला बगल देता येत नाही. हडर्सफील्डला तिकीट होते, आपल्या यात्रेत कुस्त्या फुकट. मग पैसा आणायचा कुठून? वर्गणीतून, जशी आज सगळी यात्रा होते. वर्गणीच्या वहीत मंडप, लाउडस्पीकर, लोकनाट्याचा फड, फटाके, पाहुण्यांचे फेटे यांची बाब असते. त्यांत ‘पैलवानांचा रोज’ अशी एक ओळ वाढवावी लागेल आणि शेवटच्या कुस्तीचे इनाम थोडे उतरवावे लागेल. दर कोणता? वादच नको, त्या वर्षीचा रोजगार हमीचा दर धरावा. सत्तरच्या दशकात मागेल त्याला काम आणि कामाला दाम असा कायदा करणाऱ्या राज्यात तो आकडा कोणाला परका वाटणार नाही. पोरींच्या कुस्त्या आता बऱ्याच ठिकाणी लागतात, त्यांनाही तोच दर. निंदणी-वेचणीचा रोज त्यांचाही बुडतो, आणि घरून निघायची परवानगी मिळवताना तो बुडालेला रोजच पहिल्यांदा पुढे केला जातो.

बर्डनसारख्या दुखापतीचे काय, हा प्रश्न उरतोच. फडात गुडघा फिरला तर आज पैलवानाचा विमा नाही. समिती दवाखान्यापर्यंत नेते, पुढचे तीन महिने त्याचे तो बघतो. एकेका गावाला हे झेपणार नाही हे उघड आहे. इथे बास्करव्हिलची युक्ती लागते. तालुक्यातल्या तालमींनी आणि यात्रा समित्यांनी मिळून एक संस्था नोंदवावी, प्रत्येक पैलवानाने थोडा भाग घ्यावा, प्रत्येक दंगलीतून ठरलेला हिस्सा तिच्याकडे जावा, आणि तिने विमा काढावा, जोडांची नोंद ठेवावी, म्हातारपणासाठी काही बाजूला टाकावे, म्हणजे रोझनफेल्डची गत इथे होणार नाही. सहकारात काय काय बिघडते हे खान्देशाला शिकवायला नको. बुडीत बँका आणि थकलेले कारखाने आपण पाहिलेत. पण हिशेबात पैलवान स्वतः भागीदार असला तर तो निदान आपला खाडा तरी मोजून घेईल. परिषदा आणि संघटना एरवी ज्यांच्या ताब्यात असतात त्यांना खाडा कधी पडलेला नसतो.

सुरुवात मोठी असायची गरज नाही. नॉर्दर्न युनियननेही सहा शिलिंगांनीच केली होती. पुढच्या चैत्रात एखाद्या गावाने जिंकलेल्या-हरलेल्या सगळ्या गड्यांना दोन्ही बाजूंचे एसटी भाडे आणि एका दिवसाची मजुरी देऊन पाहावी. वहीत खर्च कितीला पडला तो आकडा शेजारच्या गावाला दाखवावा, फटाक्यांच्या आकड्याशेजारी लिहून.